हकीकत ब्रँडी आणि रम यांच्या एकत्र स्वारीची

श्री. शके अठराशे चौपन्न, आंगिरस नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध दशमीचे सायंकाळी सोलापूर मुक्कामी जो प्रसंग गुदरला, त्याविषयी पेठेत तोंडाला येईल ते बोलले जाते. कोणी म्हणे साहेब विहिरीत पडला, कोणी म्हणे अक्कम्मांनी त्यास मंत्र घातला. सगळ्या चकाट्या! सबब जे खुद्द हाजीर होते त्यांस पुसोन ही खरी हकीकत लिहिली आहे, ज्यास पटेल त्याणे वाचावी, न पटेल त्याणे आपली वाट धरावी.

मंगळवार पेठेत राजश्री सिद्धलिंगप्पा, लोखंडी सामानाचे व्यापारी, मोठे इभ्रतदार असामी. त्यासमयी विहिरीचे पाणी ओढणारी, तेलावर चालणारी अमेरिकन इंजिने मुलखात येऊ लागली, आणि जिल्ह्याची एजन्सी कोणास द्यावी हे ठरविण्यास कंपनीचे हॉपकीन साहेब खासा निघाले. सिद्धलिंगप्पांनी उतावीळपणे एजन्सी हाती येण्याआधीच दुकानावर एजंट म्हणोन पाटी चढविली, आणि माळशिरसच्या ऊसवाल्यांस इंजिने देण्याचा शब्दही देऊन चुकले. आता एजन्सी मोहोळच्या व्यापाऱ्याकडे गेली तर पाटी भरपेठेत उतरवावी लागणार, आणि मग मान वर करोन चालणे मुश्कील. साहेब तर आदले दिवशी मोहोळासच मुक्कामी होते. सिद्धलिंगप्पांस अन्न गोड लागेना.

मग खलबत जाहले. मुनीम एकनाथपंत, दुकानात इंग्रजी जाणणारे तेवढेच, त्यांणी मसलत दिली की साहेबाचे मुलखी, अमेरिकेत, दारूबंदीचा कायदा जारी आहे, तेथील रयत तहानेने हैराण आहे, आणि तिकडे चोरून पिणारांत ब्रँडी व रम यांचा मिलाफ, संत्र्याचे मद्य आणि लिंबू घालोन, बर्फात घुसळोन करितात तो मोठा नामांकित आहे, तो पुढे केला म्हणजे साहेब वश. पंतांस ही माहिती कोठून, हे कोणी पुसले नाही. त्या पेयाचे नाव बिछान्याशी निगडित असल्याकारणे कुळवंतांच्या दप्तरी लिहिता येत नाही.

मग रसदेची तजवीज जाहली. ब्रँडी खोकल्याचे निमित्ताने औषधवाल्याकडून आणि रम एका पेन्शनर हवालदाराकडून दाखल जाहली, बर्फ भुशात लपेटोन टांग्यातून आला, आणि घुसळण्यास घट्ट झाकणाचा फिरकीचा तांब्या मुक्रर केला. संत्र्याचे मद्य मात्र सगळे शहर पालथे घालोनही मिळेना. तेव्हा त्यावाचूनच दुकानामागील वखारीत दोघांनी तांब्या भरोन हात दुखेतोवर हलविला, आणि मग पेच पडला की चाखावे कोणी? सिद्धलिंगप्पांचे लिंगायत घर, सात पिढ्यांत थेंब शिवलेला नाही. पंतांनी उद्या एकादशी आहे असे कळवून अंग काढिले.

इतक्यात वासाचा माग काढीत अक्कम्माबाई वखारीत दाखल जाहल्या. ह्या सिद्धलिंगप्पांच्या थोरल्या आत्या, घराची सारी मुखत्यारी यांजकडे. यांणी उभी हयात नैवेद्याचा स्वयंपाक केला, तो चाखता येत नाही, म्हणोन मीठ, गूळ, आंबट, सर्व वासावरोन जाणण्याची यांची ख्याती.

“सिद्ध्या, हितं काय चाललंय रं?”

सिद्धलिंगप्पांनी घाबरोन सर्व कबूल केले, एजन्सीचे, पाटीचे आणि पाव्हण्याचे. अक्कम्मांनी प्रथम दोघांची यथास्थित हजेरी घेतली, मग तांब्या नाकाशी धरिला आणि त्यांची मुद्रा अधिकच उग्र जाहली.

“पाव्हण्याम्होरं असलं ठिवणार व्हय? रम लई झाली की. लिंबानं तर तोंड वाकडं हुईल त्याचं. सरा तिकडं.”

मग त्यांणी हुकूम फर्माविला की संत्र्यांच्या साली पाकात उकळोन ब्रँडीत मुरवाव्या आणि गाळाव्या, रमीस आवर घालावा, लिंबू निम्मे करावे. घटकाभरात नवा तांब्या सिद्ध जाहला आणि वखारीत असा वास सुटला की पंतांनी दोनदा एकादशीचे स्मरण केले.

दिवेलागणीस साहेब आले. चांदीच्या तबकातून पेला पुढे गेला आणि साहेबांचा चेहरा उतरला. त्यांणी पंतांमार्फत अदबीने कळविले की आपण जन्मात दारू प्यालो नाही, आईस तसा शब्द दिला आहे, आणि मोहोळास एका हाती पेला आणि दुसऱ्या हाती सहीचा कागद घेऊन रात्रभर आग्रह जाहला, त्यास कंटाळोन सही न करिता निघालो. हे ऐकोन सिद्धलिंगप्पांनी एक हात पाठीमागे नेला, कारण त्यांच्याही एका हाती कागद होताच.

पेला भरलेला माघारी जाऊ लागला तो दाराशी अक्कम्मा उभ्या.

“काय कमी हाय त्यात? आमच्या घरात पानात टाकत न्हाईत म्हनावं.”

साहेबांनी पुसले की म्हातारी काय म्हणते. पंत कात्रीत सापडले, तरी त्यांणी खरे तेच सांगितले. साहेब उठोन उभे राहिले, म्हणाले की टाकणे आमच्या आईसही खपत नाही, आणि तिच्या दोन आज्ञांतून एक निवडोन पेला एका दमात रिचविला. मग बसले. मग हसले. मग आणखी आहे काय असे पुसले, आणि दुसऱ्या पेल्यानंतर आपणच कागद मागितला की, आणा, जिल्ह्याची कशाला, सगळ्या मुंबई इलाख्याची एजन्सी लिहोन देतो.

सिद्धलिंगप्पांनी लगबगीने दौत सरकविली. लेखणी कागदास टेकणार तोच अक्कम्मांनी कागद ओढोन घेतला.

“पिलेल्या मानसाची सही या घरात घ्यायची न्हाय. त्याला भाकरी वाढा आन् निजू द्या. सकाळी त्याच्या मनात आसंल तर करंल.”

“आत्या, सकाळी फिरला तर मी बुडालो,” सिद्धलिंगप्पा म्हणाले.

“मग बूड. पर असा तरू नगंस.”

त्या रात्री साहेब घोरत होते आणि सिद्धलिंगप्पा आढ्याकडे पाहात होते. सकाळी साहेब डोके धरोन उठले आणि भीत भीत पुसले की काल आपण कशाकशावर सही केली. पंतांनी कागद दाखविला, सहीची जागा कोरी. कोणी थांबविले असे पुसता पंतांनी चुलीकडे बोट केले. साहेबांनी चुलीच्या दिशेने मान लवविली. मग म्हणाले की मोहोळास मी पीत नव्हतो तरी कागद पुढे येत होता, येथे प्यालो तर कागद काढोन घेतला. या घरातून इंजिन नेणारा शेतकरी फसणार नाही. असे बोलोन शुद्धीवर असता ठळक अक्षरी सही केली. सिद्धलिंगप्पांस रडू आवरले नाही. चुलीपाशी वर्दी गेली, तेथून जबाब आला की बरं झालं, भाकरी गार व्हायली, बसा आता.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. इंजिनांचे मुखत्यार सिद्धलिंगप्पा, आणि सिद्धलिंगप्पांच्या मुखत्यार अक्कम्मा, ऐसे कायम जाहले, ते दप्तरी दाखल केले असे.