ओल्या रंगातले रामहरी तात्या

राधाकृष्ण पेंटरांनी तिसगावात चाळीस वर्षं तैलरंगात माणसं रंगवली. पण रामहरी तात्यांच्या वर्षश्राद्धासाठी त्यांचं चित्र काढायचा निरोप आला तो कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी. तैलरंग वाळायलाच आठ दिवस जायचे. शेवटी पेंटरांच्या सुनेनं, अश्विनीनं आपला टॅब्लेट पुढे केला.

"मामा, यात जलरंगात काढा. अगदी खऱ्यासारखे रंग आहेत, तिरकं धरलं की ओघळतातसुद्धा. झालं की हे 'वाळवा'चं बटण दाबायचं."

दुपारपर्यंत तात्या उतरले. करडी मिशी, कपाळावर आठी, आणि डोळे असे की बघणाऱ्यानं उगाच सावरून बसावं. त्या डोळ्यांवर पेंटरांनी पाण्याचा हात जरा सढळच फिरवला होता.

"बटण दाबलं ना?" अश्विनीनं आतून विचारलं.

"रंग बटनानं वाळतोय व्हय? पंखा हाय की!"

पेंटरांनी टॅब्लेट पंख्याखाली भिंतीला टेकून उभा केला, अर्ध्या तासानं तसाच उभा पिशवीत घातला आणि पाथर्डीची जीप धरली. काम करताना पडदा मध्येच बंद पडू नये, ही सोय सुनेनं सकाळीच करून ठेवली होती. फ्लेक्सवाल्या आदिनाथच्या हाती टॅब्लेट देऊन ते चहाला गेले. परत आले तोवर फ्लेक्स छापून, गुंडाळून तयार होता.

तो उलगडला दुसऱ्या दिवशी, तात्यांच्या अंगणातल्या मांडवात. दोन्ही डोळ्यांतून काळसर धारा निघून थेट मिशीत शिरल्या होत्या. स्वतःच्या बापाच्या सरणापाशीही ज्यांचा डोळा ओला झाला नव्हता, ते तात्या ढसाढसा रडत होते!

पेंटरांनी आदिनाथला फोन लावला.

"मला वाटलं मुद्दाम काढलंय, काका. लई भारी जमलंय!"

पेंटरांनी चिंधीला टर्पेंटाइन लावून धार पुसायला घेतली. धार राहिली, गाल तेवढा निघून आला. चाळीस वर्षांचं नाव मातीत जाणार, या धास्तीनं त्यांनी झेंडूचे दोन जाड हार असे चढवले की तात्यांची फक्त टोपी दिसावी.

तेवढ्यात तात्यांच्या पत्नी गोजरबाई पुढे आल्या. "तोंड का झाकलंय त्येंचं?"

"असू द्या वहिनी, शोभतंय."

गोजरबाईंनी स्वतःच हार उतरवले. कीर्तनकारांचा हात टाळावरच थांबला. पेंटर चपला कुठं काढल्या ते आठवू लागले.

बाई फ्लेक्सच्या अगदी जवळ गेल्या. "पन्नास वर्सं संसार केला," त्या हळूच म्हणाल्या. "लेकीच्या पाठवनीलाबी डोळ्यात टिपूस न्हाई आलं. आज रडले." मग पदरानं फ्लेक्सवरची धूळ पुसून त्यांनी फर्मावलं, "ह्ये पुढच्या खोलीत लावा. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसलं पायजे."

पंगतीत शेजारच्या कडूबाईंनी पेंटरांना गाठलं. "आमच्या ह्यांचंबी असंच काढा."

पेंटरांचा घास हातातच राहिला. "छगनरावांचं? अरेरे! कधी झालं?"

"कुठं काय झालंय? त्ये काय समोर, बुंदीवर ताव मारत्यात," कडूबाई म्हणाल्या. "म्हनलं, मरायची वाट कशाला बघायची?"