नत्थूजींचा एक जुलै

एक जुलैला फिलिपाइन्समध्ये कोण कोण जन्मलं हे माहीत नाही, म्हणून तुम्हाला कधी कोणी झापलं आहे का? मला झापलं आहे. भर चौकात, पानठेल्यापुढे. झापणारे गृहस्थ मनिलाला कधी गेले नव्हते. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास जवळच्याच खापरखेड्यापर्यंत झाला होता, तोही कोणाच्या तरी वरातीत.

नत्थूजी इतवारी बाजारात धान्याच्या अडतीवर मापारी होते. लग्न केलं नव्हतं. लकडगंजच्या मागे आमच्या वस्तीत एका खोलीत ते, एक स्टोव्ह आणि एक दांडगा जुना रेडिओ असे तिघे राहत. वर्षभर त्या रेडिओवर ते बाजारभाव ऐकत. एक जुलैच्या पहाटे मात्र एरिअलची तार शेजारच्या यमुनाबाईंच्या धुण्याच्या दोरीला बांधत आणि मनिला पकडत.

"काहून जी," यमुनाबाई दारातून विचारत, "तुमच्या मनिलासाठी माह्या लुगड्यानं ओलंच राहाचं काय?"

"दहा मिनिटं वं बाई. आता जन्म सांगून राहिली ते."

'ते' म्हणजे तिकडची निवेदिका. आजच्या दिवशी देशात कोण जन्मलं, काय घडलं, हे ती इंग्रजीत सांगे. नत्थूजींचं इंग्रजी सातवीचं, त्यात खरखर. जे कळलं नाही ते नत्थूजी इतवारीत पाहिल्या-ऐकल्यावरून भरत. मग आंघोळ करून चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहीत : 'आज फिलिपाइन्सात जन्मले : एक पैलवान, एक गाणारी बाई, एक पाद्री ज्याने भूकंपात पडलेलं देऊळ पुन्हा बांधलं. आजच्याच दिवशी एका बेटावर पहिली आगगाडी आली. उशिरा आली.'

दोन जुलैला जगात काय घडलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

फळा आमच्या युवक मंडळाचा. मी पत्रकं वाचत मोठा झालेला. घरात भांडी कमी आणि घोषणा जास्त. त्या वर्षी हमालांचा मोर्चा नेमका एक जुलैला निघणार होता. सकाळी सूचना लिहायला गेलो, तर फळा भरलेला आणि नत्थूजी त्याच्यापुढे पहाऱ्यावर.

"नत्थूजी, पुसा ते. इथला हमाल पाठ मोडून राबतो अन् तुम्ही परदेशातल्या पैलवानांचे वाढदिवस लिहिता?"

"तुले मालूम होता काय तो पैलवान?"

"नाही."

"मंग? सगळ्या जगाचं दुःख समजते म्हणतोस, अन् आज कोण जन्मला ते मालूम नाही?"

ठेल्यावरचा शंकर चुना लावता लावता म्हणाला, "तिकडे सासुरवाडी हाये काय जी तुमची?"

सगळे हसले. नत्थूजी हसले नाहीत. फळ्यावर हात आडवा धरून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत राहू दे गा. उद्या मीच पुसतो."

"पण एक जुलैच काहून?" मी विचारलं.

"माही तारीख हाये."

"वाढदिवस?"

"वाढदिवस नाही. तारीख." त्यांचा आवाज खाली आला. "काका शाळेत घेऊन गेला. माय नव्हती. बाकी पोरायपैकी कोणाची माय सांगे, आमचा पोळ्याच्या आंधी झाला. कोणाची सांगे, तूर फुलावर होती. काकाले काहीच आठवे ना. गुरुजी म्हणे, शाळा उघडली तोच दिवस लावतो. वर्गात एक जुलैवाले लय होते. मोठा झाल्यावर इतवारीत ज्याले त्याले इचारलं. सगळ्यायची गुरुजीनंच लावलेली. मले वाटे, या दिवशी खरं कोणी जन्मतच नसन. मंग एकदा रेडिओवर हे बाई सापडली. हा आज झाला म्हणे, अमक्या गावात, माय अमकी." ते फळ्याकडे पाहत होते. "तवापासून त्या दिवशी थोडी सोबत राहते."

माझ्या डोक्यात तिथल्या तिथे एक पत्रक तयार झालं : ज्यांचा जन्म लिहून ठेवावा असं या समाजात कोणालाच वाटलं नाही, त्यांच्याविषयी. जळजळीत झालं असतं. पण त्या पत्रकातून नत्थूजींना संध्याकाळपर्यंतची सोबत मिळणार नव्हती.

मोर्चाची सूचना मी ठेल्यामागच्या भिंतीवर लिहिली. हमाल आले, भरपूर आले. निघण्याआधी मी फळ्यापाशी गेलो. पाद्र्याच्या ओळीखाली थोडी जागा उरली होती. खडू पुढे करून म्हणालो, "इथं तुमचंही नाव लिहू या."

नत्थूजींनी खडू घेतला, जागा पाहिली आणि खडू परत माझ्या हातात ठेवला.

"नाही गा. ते खरंच आज जन्मले."

आणि अडतीच्या वाटेला लागले.

तुमच्या वस्तीतही कोणी एक जुलैवाला असेल. तारीख कागदावरची आहे म्हणून हसून सोडून देऊ नका. त्या दिवशी त्याच्या दारी जा, आत बसा, आणि तो चहा ठेवतो म्हणाला तर नको म्हणू नका.