डॉजच्या दाराला रेक्झिन

"मुंबईच्या शेठच्या मोटारीत नसेल अशी सजवतो आतून! नायतर नावाचा आत्माराम नाय!"

हे ऐकल्याबरोबर सगुणेने कपाळाला हात लावला. नवऱ्याने प्रतिज्ञा केली की घरातली एक वस्तू हमखास कामातून जाते, हा तिचा संसारभरचा अनुभव. मागच्या प्रतिज्ञेत रेडिओ गेला होता आणि त्याच्या आधीच्या प्रतिज्ञेत न्हाणीघराचं दार!

या खेपेला पाळी होती डॉज पिकअपची. गाडी बावन्न सालची आणि गोष्ट आहे चौऱ्याऐंशीची. बाहेरून गाडी अजून रुबाबदार होती. फुगरे गाल, बटबटीत डोळे, अगदी जुन्या काळच्या नटीसारखी! पण आत बसलं की कळायचं, नटी नुसतं तोंड रंगवून आलीय. दारांना आतून उघडा, गंजका पत्रा. टेकलं तर सदऱ्याला तांबडा डाग, आणि उन्हात टेकलं तर थेट कातडीला! आंब्याच्या पेट्या कधी तक्रार करत नसत, म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं.

पण आता पेट्या बसणार नव्हत्या. आत्मारामच्या लेकीला, राहीला बघायला मुंबईहून माणसं येणार होती. मुलगा सदानंद पोस्टात होता, स्वभावाने गरीब. पण बाप भिकाजीबुवा! भजनात त्यांचा आवाज तीन वाड्यांना ऐकू जाई आणि नकारही तसाच. एक घर त्यांनी चहात दूध कमी म्हणून नाकारलं होतं, दुसरं कुत्रं अंगावर भुंकलं म्हणून.

"अवो, स्टँडवरनं रिक्षा करा नि आणा त्यांना," सगुणा म्हणाली.

"घरची गाडी असताना रिक्षा? आपली पत काय ऱ्हायली मग?"

झालं! आत्माराम रत्नागिरीच्या बाजारातून प्लायवूड, लालभडक रेक्झिन आणि सोल्युशनचा डबा घेऊन आला. वर्तमानपत्र दारावर धरून त्याने झकास साचा कापला. हँडलाचं भोक, काच फिरवायच्या मुठीचं भोक, सगळं जागच्या जागी. साचा प्लायवर ठेवला, पेन्सिल फिरवली, कापलं. पुन्हा ठेवला, पुन्हा फिरवली, पुन्हा कापलं. सोल्युशन फासून रेक्झिन ताणलं. उजव्या दाराला पॅनेल असं बसलं, की आत्मारामने स्वतःच स्वतःची पाठ थोपटायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही, ती गोष्ट वेगळी.

मग तो डाव्या दाराकडे गेला. पॅनेल आडवं धरलं, उभं धरलं. काही केल्या बसेना! उलटं केल्यावर मात्र चपखल बसलं, फक्त रेक्झिन पत्र्याकडे आणि खरबरीत प्लाय माणसाकडे.

"दार वाकडं हाय!" त्याने निकाल दिला.

सगुणा सूप हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "दोन्ही पायांत उजवीच चप्पल घालता काय ओ?"

साचा उलटा करून कापायला हवा होता! पण आता काय? सोल्युशनचा डबा रिकामा, बाजार बंद, पाहुणे सकाळच्या गाडीने येणार. प्लायचा एक तुकडा आणि रेक्झिनचा एक पट्टा तेवढा शिल्लक होता. घाईघाईत त्याने डावं पॅनेल कापलं.

"चिकटवणार कशानं?" सगुणेने विचारलं.

"मैद्याची खळ शिजव. आणि मूठभर गूळ टाक. चिकटपणा येतो. आमचा आजा खळीत गूळ घालायचा."

"खळीत घालायचा का तोंडात?"

पण राहीच्या लग्नाचा प्रश्न होता. सगुणेने गूळ घालून खळ शिजवली. पॅनेल चिकटवून आत्मारामने ते पडवीत वाळत ठेवलं आणि उजाडल्यावर दाराला बसवलं. वर दोन-चार मुंग्या फिरत होत्या, त्या त्याने फडक्याने झटकल्या. आतल्या बाजूला बघायला वेळ कुणाला होता? पॅनेल मध्येच जरा फुगतंय असं वाटलं, म्हणून स्क्रू करकचून आवळले. आणि मग त्याला हातातलं हँडल दिसलं. काच फिरवायची मूठ दिसली. पाडायची राहिलेली भोकं तेवढी दिसेनात!

"आता हो?" सगुणेने विचारलं.

"मोठ्या लोकांचं दार बाहेरनंच उघडायचं असतं!" आत्माराम म्हणाला आणि स्टँडकडे सुटला.

भिकाजीबुवा उतरले ते कडक इस्त्रीची पांढरी पँट आणि टेरिकॉटचा शर्ट घालून. आत्मारामने अदबीने दार उघडलं. बुवा आत बसले. लाल रेक्झिनवर कोपर टेकून चक्क म्हणाले, "वा! आत्मारामभाऊ, हौशी दिसता!"

आत्मारामला गगन ठेंगणं झालं. सदानंद बॅग घेऊन मागे हौद्यात चढला आणि गाडी निघाली.

भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत सगळं छान होतं. मग ऊन वाढलं, पत्रा तापला आणि दारात सुखाने गूळ खात बसलेल्या मंडळींनी मुक्काम हलवला. बुवांचं कोपर जवळच होतं.

बुवांनी आधी मांडीवर हलकी थाप मारली. मग दुसऱ्या मांडीवर. मग दोन्ही हातांनी दणादण! आणि एकदम वरच्या पट्टीत आवाज लागला, "आई गंऽऽ! अगं आईऽऽ!"

बुवांना देवीचं भजन सुचलं! आत्माराम हरखला. पाहुण्याला एकटं कसं गाऊ द्यायचं? त्याने स्टिअरिंगवर ठेका धरला आणि कोरस दिला, "आईऽऽ अंबाबाईऽऽ!" मागच्या काचेतून सदानंदला बाप डोलताना दिसला, तसा तोही टाळ्या वाजवू लागला.

"मुंग्या! अहो, मुंग्या!" बुवा किंचाळले.

आता ठेका चुकला. आत्मारामने दचकून गाडी कडेला घेतली, ती इतकी कडेला, की डावं दार कुंपणाच्या जांभ्या दगडी गडग्याला चिकटलं!

"हँडल कुठाय?" बुवा लाल रेक्झिन ओरबाडत होते.

"बाहेरनं उघडतं ओ!" म्हणत आत्माराम उतरून पलीकडे धावला. दार चार बोटं उघडलं आणि गडग्यावर आपटलं.

"इकडनं या! माझ्या बाजूनं!"

बुवा गिअरच्या दांड्यावरून कसेबसे सरपटत रस्त्यावर आले. मुंग्या त्यांच्याआधीच पँटमध्ये पोचल्या होत्या. अब्रू की कातडी, एवढाच प्रश्न उरला आणि बुवांनी कातडी निवडली. भर रस्त्यात पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर मुंबईचे पाहुणे नाचू लागले.

घर तिथून हाकेवर होतं. नेमकी तेव्हाच विहिरीवरून राही आली. नटायचं सोडून बाई पाण्याला गेली होती, कारण आईला घरातलं आवरायचं होतं. तिने नाचणारा माणूस बघितला, अंगावरच्या मुंग्या बघितल्या, आणि कोण, कुठले, काही न विचारता डोक्यावरचा हंडा उचलून त्यांच्यावर रिकामा केला! मग पदराने त्यांची पाठ झाडली, आणि गाडीकडे बघून म्हणाली, "बाबा, काय ओ केलात ह्ये?"

मागे सदानंद हौद्यातून उतरला होता. हसू दाबून दाबून त्याचा चेहरा रेक्झिनच्या रंगाचा झाला होता. राहीने त्याच्याकडे बघितलं आणि तिलाही हसू फुटलं. दोघं हसत सुटली. बुवा ओल्या चड्डीत उभे, आणि बघण्याचा कार्यक्रम आटोपलासुद्धा!

घरी सगुणेने बुवांच्या अंगाला खोबरेल लावलं. आत्मारामचं लुंगी-बनियन घालून बुवा ओटीवर बसले. चहा झाला. दूध भरपूर होतं. आत्माराम खांबाआड उभा राहून नकाराची वाट बघत होता. लेकीचं जमतं लग्न आपल्या हौसेपायी मोडलं, असं त्याने मनाशी धरूनच टाकलं होतं.

बुवा खाकरले. "मुलगी पसंत आहे."

आत्मारामचा विश्वासच बसेना. "बुवा... देण्याघेण्याचं?"

"काही नको. एकच अट आहे."

"बोला!"

"रुखवतात तुमच्या हातची एकही वस्तू नको."

सगुणेने पदर तोंडात कोंबला. आत्मारामने मान हलवली आणि पडवीत जाऊन, जावयासाठी करायला घेतलेली आरामखुर्ची गोणपाटाखाली झाकून टाकली. तिचे चारही पाय डावे झाले होते.