मास्तर रंगमंचावर येतात

नत्थुजी मास्तरांच्या लेखी माणसाला आईबापांनी ठेवलेलं नाव नसे. त्यांच्या नाटकात ज्यानं शेवटचं जे काम केलं, तेच त्याचं नाव. दिग्रसच्या भर बाजारात ते मला "अरे दुसऱ्या शिपाया!" अशी हाक मारत. मी जिनिंगमध्ये कारकून होतो. सोबत सासरे असले तरी मास्तरांना फरक पडत नसे. किसन हमालाची अवस्था माझ्याहून वाईट. कापसाचं बोचकं पाठीवर घेऊन तो वाकून चाललेला असायचा, आणि मागून आवाज यायचा, "राणीसाहेब, पदर सांभाळा!"

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मास्तरांना नाटकं बसवता बसवता तीस वर्षं होऊन गेली होती. तालमीत त्यांचा पहिला धडा बसण्याचा. नवा माणूस आला की आठ दिवस नुसता खुर्चीवर बसे.

"हा कोन बसला?" मास्तर विचारत.

"मी."

"मंग ऊठ. मले इथं पाटील पायजे."

मी शिपाई, तोही दुसरा. मला नाटकात बसायचं नव्हतंच. माझे आठ दिवस उभं राहण्यात गेले.

मास्तर स्वतः मात्र कधीच रंगमंचावर आले नाहीत. पडदा ओढायचा आणि विंगेतून वाक्यं सुचवायची, एवढंच. "सैपाक करनारानं पंगतीत बसू नये," म्हणत.

त्या वर्षीच्या नाटकात लेकीला सासरी पाठवणारा बाप होता. लेकीचं काम शाळेतल्या कमलबाई करत होत्या. आमच्या मंडळीत बाईमाणूस पहिल्यांदाच, त्यामुळे सगळं गाव लोटलेलं. आणि बाप झालेला कंपाउंडर सकाळी नेरला गेला, त्याची परतीची एसटी आलीच नाही. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मुकाट्यानं पागोटं बांधलं. पडदा माझ्याकडे आला.

दोन अंक नीट गेले. तिसऱ्यात कमलबाई पाया पडल्या, आणि मास्तर गप्प. सगळ्यांची वाक्यं पाठ असलेला माणूस नुसता बघत राहिला. "'सुखी राहा' म्हणा," कमलबाई हळूच बोलल्या. मास्तर हलले नाहीत. शेवटी बिचाऱ्या उठल्या आणि जायला निघाल्या. तेव्हा मागून मास्तर म्हणाले,

"रागावली काय वं माय? येक डाव तं वळून पाह्य."

हे नाटकात नव्हतं. कमलबाई वळल्या. समोरच्या बाया पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. मी पडदा ओढला.

"मास्तर, काय काम केलं तुमी!" मी आत जाऊन म्हणालो.

ते पागोटं सोडत होते. "काम नाई केलं रे. माह्या सुमीच्या लग्नात पंगत उठली अन् मी प्रयोगाले पयालो. पोरगी सासरी निंगाली तवा मी इथं विंगेत उभा. चार वर्सं झाले. मारेगावले हाये ती. ना चिठ्ठी, ना येनं."

"मंग तुमी काहून नाही गेले?"

"जाऊन काय म्हनू तिले?"



सकाळी कामावर जाताना मास्तर एसटी स्टँडवर दिसले. यवतमाळच्या गाडीत, खिडकीशी. अंगात धुतलेला सदरा, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "कुठं जाचं, बुवा?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर मास्तर दचकले.

"पोरीच्या घरी," ते म्हणाले.