तिकडचा माल

मल्लूअण्णा शेट्यांनी जेवढी वाइन तोंडात घेतली, तेवढी कोल्हापुरातल्या आमच्या अख्ख्या शाहूपुरीत कुणी घेतली नसेल. आणि तिच्यातला एक थेंबसुद्धा कधी त्यांच्या पोटात गेला नाही. घोट घ्यायचा, गालांतून इकडून तिकडे खुळखुळवायचा, डोळे मिटायचे, आणि मग हात लांब करायचा. हात लांब झाला की मी पितळी तस्त पुढं धरायचो. पिचकारी इतकी नेमकी, की एक वेळ सोडली तर त्यांच्या पांढऱ्या धोतरावर कधी तांबडा ठिपका पडला नाही. माझ्या पायजम्यावर मात्र पडले.

हायस्कुलात मराठी शिकवणारा माणूस रविवारी दुपारी शेजाऱ्यापुढं तस्त घेऊन का उभा राहतो, हे आता सांगायला हवं.

अण्णा गुळाचे अडत्ये. घर लिंगायत, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, मांसमद्याचं नाव नाही. रागावले की मराठी बोलत, खूश झाले की कन्नड. "छलो ऐती", म्हणजे "छान आहे", हा त्यांचा सगळ्यात वरचा शेरा, आणि तो मिळायला पदरी पुण्य लागे. मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरले की अण्णा कोपरा फोडून खडा जिभेवर ठेवत आणि गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, तोंडावर सांगत, "ऊस शिरोळकडचा हाय, खारवट जमिनीतला. आणि काहील उतरवायला उशीर केलासा. घरात भांडण झालतं व्हय?" गुळवा चुळबुळ करत उभा राही. एक खडा झाला की दुसऱ्याआधी पाण्यानं खळखळून चूळ टाकायची. ते पाणीसुद्धा गिळायचं नाही, असा कडक नियम. "पोटात गेलं की चव संपली," अण्णा म्हणत. "मग जीभ आळशी हुती."

ते चुळीचं पाणी द्यायचं काम त्यांच्या एकुलत्या एक मुलीकडं, गिरिजाकडं असे. शाळेला सुट्टी लागली की ती यार्डात बापाशेजारी पोत्यावर बसायची, मांडीत तांब्या धरून. बापाच्या आधी खडा तोंडात टाकून शेरा द्यायची आणि तो जुळला की अण्णा सगळ्या बाजाराकडं असे बघायचे, की जणू लिलाव तिचाच चाललाय. पुढं ती मायक्रोबायॉलॉजी शिकली. अण्णांना वाटलं, गुळाला उपयोग होईल. नव्वदचं दशक सरत आलं होतं, नाशिककडे वाइनचे कारखाने निघू लागले होते, आणि गिरिजानं तिथं नोकरी धरली. काम काय, तर वाइन करायची आणि चाखायची.

त्या दिवशी अण्णा जे बोलले ते भिंतीपलीकडं आम्हाला ऐकू आलं, आणि समोरच्या गिरणीत दळणाला आलेल्या बायकांनाही.

"दारूच्या कारखान्यात जातीस? जा! आजपास्नं तुझ्या हातचं पाणीबी घेणार न्हाई!"

"दारू न्हवं अप्पा, वाइन हाय."

"गूळ कुजवला काय आणि द्राक्षं कुजवली काय, वास त्योच!"

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गेली. त्यानंतर घरात तिचं नाव बंद झालं. अण्णा त्या सगळ्या मुलखाला नुसतं "तिकडं" म्हणू लागले. अण्णांचा शब्द म्हणजे बाजारात रुमालाखाली ठरलेला सौदा. एकदा बोट दाबलं की मागं येणं नाही.

दीडेक वर्षानं एका रविवारी ते कुंपणापाशी आले. "मास्तर, एक काम हुतं. तिकडचा माल हितं दुकानात मिळतोय म्हणत्यात. मला जाता येत न्हाई."

खरंच होतं. मठाच्या कमिटीवरचा माणूस वाइन शॉपच्या पायरीवर दिसला असता तर दुसऱ्या दिवशी यार्डात सौदा निघाला नसता. मी म्हणालो, "अण्णा, पण मी शिक्षक आहे."

"तुमचं काय हो? लोक म्हणतील, कविता करत्यात."

असा मी वाइन शॉपचं गिऱ्हाईक झालो. पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवायचो, पण जुडीखालून बाटलीचा गळा कोल्हापुराकडं बघतच असायचा. दुकानदार सुरुवातीला खारे शेंगदाणे फुकट द्यायचा. नंतर त्यानं आपल्या मुलाच्या मराठीच्या मार्कांचा विषय काढला. पालक रस्त्यात अडवून विचारू लागले, "काय सर, आज तांबडी का पांढरी?" बातमी गडहिंग्लजला पोचली आणि सासूबाईंनी पुडीत बांधून अंगारा पाठवला, रोज पाण्यातून द्यावा अशा निरोपासह. बायकोनं तो इमानानं दिला. मी जन्मात दारूला शिवलो नाही; अंगारा मात्र महिनाभर प्यायलो.

चाखणं परसातल्या लिंबाच्या झाडाखाली चाले. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, तेव्हा आत झोपलेल्या असत, किंवा झोपल्यासारखं करत. कोल्हापुरात तांबडा-पांढरा म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं रस्सा येतो. अण्णांना मात्र बाटल्या दिसू लागल्या होत्या. चहाचा काचेचा ग्लास उन्हात धरून ते आधी रंग बघत, मग नाक आत घालून बराच वेळ तसेच बसत. मग घोट, डोळे, हात, तस्त. तांब्याभर पाणी शेजारी असेच. चूळ भरून तीही तस्तीत.

शेरे अस्सल यार्डातले. "ह्या तांबडीत नव्या पायताणाचा वास हाय. पावसात भिजल्यालं." "पांढरीत कैरी हाय, पर बाठ न धरलेली." "शेवटाला लोखंड लागतंय. विहिरीच्या रहाटागत." उरलेली बाटली लिंबाच्या मुळात ओतली जाई. त्या झाडाला लिंबं भरपूर लागत, पण आम्ही ती सरबताला वापरायला कचरत असू.

मला हळूहळू कळलं, की अण्णा वाइन चाखतच नव्हते. "यंदा घाई झालीया," ते म्हणत. "कुणीतरी डोक्यावर बसलंय तिकडं." किंवा, "ह्या बाटलीला येळ दिलाय. मन शांत असंल." एकदा दुकानात ती बाटली नव्हती, म्हणून मी दुसऱ्याच कंपनीची नेली. किंमत जास्त, लेबल देखणं. अण्णांनी घोट घेतला, थुंकला आणि ग्लास माझ्याकडं सरकवला. "माल बरा हाय मास्तर, पर ही आमची न्हवं."

"आमची" म्हणाले आणि स्वतःच दचकले. मग उगाच लिंबाची वाळकी पानं गोळा करायला लागले. मीही एक-दोन पानं उचलली.

आता अण्णांची जीभ थोर असली तरी चुकायची नाही असं नव्हे. एकदा पांढरी गोड लागली. अण्णा अस्वस्थ झाले. "तिकडं लग्नबिग्न ठरलं का काय? कुणाला न सांगता?" रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी सौद्याला गेले नाहीत. शेवटी मी बाटली उलटसुलट करून बघितली. ती मुळातच गोड प्रकारातली होती, तसं बाहेर छापलेलं होतं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग आधी वाचायचं न्हाई व्हय? मास्तर हायसा की भोपळा?" पण त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या, असं अक्का म्हणाल्या.

अक्कांना खरं म्हणजे सगळं ठाऊक असे. अण्णांचा फोन त्यांच्या गादीशेजारी, म्हणून गिरिजा आमच्याकडं फोन करी आणि अक्का साखर मागायच्या निमित्तानं येऊन बोलत. आमच्या घरातून इतकी साखर गेली, की गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरी साखर कशाला, असा प्रश्न कुणालाही पडावा. अण्णांना तो कधी पडला नाही. पडला असेल तर त्यांनी विचारला नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एका रविवारी नवी तांबडी आणली. अण्णांनी घोट घेतला, आणि नेहमीपेक्षा लवकर हात पुढं केला. चूळ भरली. पुन्हा घोट घेतला.

"मास्तर, हात बदललाय."

"म्हणजे?"

"हिच्यात ती न्हाई."

मी म्हणालो, द्राक्षं वेगळी असतील, पाऊस कमी-जास्त झाला असेल. गोड बाटलीची आठवणही करून दिली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी न बघताच ग्लास खाली ठेवला, तो कलंडला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धोतरावर तांबडा डाग पडला.

संध्याकाळी अक्का आल्या. साखरेची वाटी आणायची विसरल्या होत्या. मी विचारलं आणि त्यांना रडू फुटलं. "पोरीला मोठा ताप आलता वो. उतरला, पर नाकाचा वास गेला, चव गेली. तिकडं आता कागदावर सह्या करायला बसवलंय. म्हणती, अव्वा, मी आता कुणाच्याच कामाची न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं, ते उठतील आणि नाशिकची गाडी धरतील. ते बराच वेळ भस्माच्या बोटांनी कपाळ चोळत बसले. शब्द दिलेला माणूस. मागं कसं यायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तिकडं कळवा, माल नापसंत हाय. समक्ष येऊन बघावा."

मला क्षणभर त्यांचा राग आला. पण ती यार्डाची रीत होती. माल नापसंत झाला की गुळव्याला बोलावून घ्यायचं आणि त्याच्यासमोर रवा फोडून, त्याच्याच जिभेवर खडा ठेवायचा. नापसंत म्हटलं की त्याला यावंच लागतं, आणि आल्यावर त्याला परत घालवत नाहीत. आधी पाटावर बसवतात. मी फोनवर शब्दन् शब्द तसाच सांगितला. गिरिजानं तो निरोप मला पुन्हा एकदा म्हणायला लावला. मग म्हणाली, "येते म्हणावं. माल फोडू नका तोवर."

ती आली तेव्हा चेहरा ओढलेला होता, केस तापानं विरळ झाले होते. अक्कांनी दारातच तिला जवळ घेतलं. अण्णा परसात लिंबाखाली बसले होते, समोर तीच बाटली, मी नेहमीसारखा तस्त घेऊन. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. अण्णांनी ग्लास तिच्याकडं सरकवला. तिनं तो उन्हात धरला, नाक आत घातलं, डोळे मिटले, अगदी तसेच. मला ते बघवेना.

"अप्पा, मला काय लागत न्हाई," ती म्हणाली. "नुसतं ओलं लागतंय."

अण्णांनी ग्लास घेतला. घोट घेतला, खुळखुळवला, तस्तीत टाकला. तोंड आंबट झालं असणार. त्यांनी सवयीनं तांब्याकडं हात नेला, पण तांब्या तिच्या बाजूला होता. गिरिजानं तो उचलला, आणि लहानपणी यार्डात बसायची तशी मांडीवर धरून फुलपात्रात पाणी ओतलं. ओतून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती तशीच थांबली, फुलपात्र हातात. आतल्या दारात अक्का उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून.

अण्णांनी फुलपात्र घेतलं. पाणी तोंडात धरलं, गालांतून इकडून तिकडे फिरवलं, डोळे मिटले. मी तस्त पुढं केली. अण्णांचा हात काही आला नाही. मी आणखी पुढं केली.

त्यांचा कंठमणी वर गेला आणि खाली आला.

"छलो ऐती," अण्णा म्हणाले, आणि रिकामं फुलपात्र तिच्यापुढं धरलं. "आणि दे."