डेमो गाडीची पूजा

शोरूमच्या भिंतीवरचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा अकरा मिनिटं पुढे होतं. त्याच्याखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं : 'आजची ऑफर सायंकाळी सहापर्यंतच!' म्हणजे इथे सहा वाजायला बाकीच्या सोलापूरपेक्षा अकरा मिनिटं कमी लागत होती. मी वहीत तशी नोंद केली.

हो, मी वही घेऊन गेले होते! एकोणीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, असं मुलांना सांगते. गाडीही तशीच घ्यायची ठरवली होती. तीन आठवडे खपून किंमत, मायलेज, विमा सगळं तक्त्यात मांडलं होतं. शोरूमवाले कितीही गोड बोलोत, तक्त्यातल्या आकड्यावर एक रुपया जाणार नाही आणि आज कुठल्याही कागदावर सही होणार नाही! आजवर मला कुणीही, काहीही, माझ्या मनाविरुद्ध विकू शकलेलं नाही. (घरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र यजमानांनी घेतलंय.)

घाई मात्र होती, आणि ती शोरूममध्ये कुणाला कळू द्यायची नव्हती. अकलूजजवळच्या एका साखर कारखान्यानं मला चीफ केमिस्टची जागा देऊ केली होती. सोमवारी जायचं, तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं, शनिवारी परत यायचं. एक तारखेला रुजू व्हायचं होतं आणि हो की नाही ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. महिनाभर मी यजमानांना, म्हणजे चन्नवीरना विचारत होते. ते दुकानातल्या चादरींच्या थप्पीतून मान वर न काढता म्हणायचे, "एस.टी.च्या भरवशावर कसं जमंल? गाडी असती तर गोष्ट येगळी." म्हणून गाडी. सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, तर मी काहीच सांगितलं नव्हतं. अव्वांसमोर महत्त्वाचं बोलायचं म्हटलं की माझे शब्द ब्युरेटच्या तोटीत अडकलेल्या बुडबुड्यासारखे जागीच थांबतात.

तर रविवारी दुपारी आम्ही तिघं शोरूममध्ये शिरलो. टाय लावलेला एक तरुण धावतच आला. छातीवरच्या पट्टीवर 'युवराज' असं नाव होतं.

"या साहेब, बसा साहेब! अव्वा, हितं एसीखाली या की. मॅडम, तुमी तोवर कलर बघा."

"मायलेज किती?" मी विचारलं.

"बावीस, साहेब," त्यानं चन्नवीरना सांगितलं.

"शहरात की हायवेवर?"

"साहेब, मॅडमना लाल कलर लई शोभंल बघा!"

चन्नवीर खुशीत आले. दुकानात गिऱ्हाइकं त्यांना 'ओ चादरवाले' म्हणतात. इथे पाच मिनिटांत सात वेळा साहेब झाले होते.

"स्टॉकमध्ये एकच गाडी शिल्लक हाय, साहेब. शेवटची!" युवराजनं आवाज खाली आणला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हॅलो? बार्शीची पार्टी? पैसे घिऊन निघाले? अरे, थांबवा त्यांना, हितं माझी घरची माणसं बसलीत!"

मी सहज काउंटरकडे पाहिलं. तिथल्या मुलीच्या कानाला फोन होता. युवराजनं फोन ठेवला, त्याच क्षणी तिनंही ठेवला. बार्शी आमच्यापासून साधारण सहा मीटरवर होती.

"किंमत कमी करा," मी म्हणाले.

"मॅनेजरसायबांशी भांडून येतो. नोकरी गेली तर जाऊ द्या!" म्हणत तो काचेच्या केबिनमध्ये घुसला. आतून हातवारे दिसू लागले. मॅनेजर जोरजोरात मान हलवत होते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टेबलावर डबा उघडा होता. युवराज भांडत नव्हता, शेंगाची चटणी मागत होता. आणि मॅनेजर मान हलवत नव्हते, कडक भाकरी मोडत होते!

युवराज परत आला. "मरता मरता वाचलो, साहेब. पाच हजार कमी केले." त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला चटणी होती.

इथपर्यंत सगळं माझ्या अंदाजाप्रमाणे चाललं होतं. अंदाजात नव्हत्या त्या अव्वा. युवराजनं त्यांच्या हातात गुलाबाचं फूल आणि पेढ्यांचा बॉक्स दिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "अव्वा, गाडी आपलीच समजा!"

"माझी?"

"तुमचीच की! मी दिली म्हणतोय न्हवं?"

अव्वा दुधनीच्या. त्यांचे वडील तिथल्या बाजारात अडते होते. व्यापाऱ्यानं चार माणसांत 'तुमचा' म्हटलं की माल आपला झाला, कागद काय, मागनं होतात, ह्या शिस्तीत त्या वाढलेल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान डोलावली. माझ्या दृष्टीनं तो पेढा होता. त्यांच्या दृष्टीनं सौदा झाला होता!

"आता टेस्ट ड्राइव्ह!" युवराजनं किल्ली चन्नवीरना दिली. चन्नवीरांचा चेहरा नव्या पांढऱ्या टॉवेलसारखा झाला. त्यांनी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही. मी किल्ली घेतली.

"मॅडम, चालवता येती?"

"लायसन्स काढून सात वर्षं झाली. माहेरी भावाची गाडी मीच चालवते."

तो प्रथमच माझ्याकडे बघून बोलला होता. मी वेळ टिपून ठेवली.

गाडी छान होती. स्टेअरिंग हलकं, ब्रेक नेमका. अर्धा किलोमीटर जातोय तोच मागून अव्वा म्हणाल्या, "आधी सिद्धरामेश्वराकडं घे."

"घ्या की मॅडम! दर्शन म्हणजे लई शुभ!" युवराजचा आवाज फुलला.

देवळाबाहेर अव्वा म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात. मी गाडीतनंच हात जोडते. तुमी दोघं जाऊन या." आम्ही दोघं आत गेलो. रविवारची रांग होती. तेवीस मिनिटांनी बाहेर आलो, तर मला गाडी ओळखूच येईना.

बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, प्रत्येकी चार सेंटिमीटर रुंद. मध्ये कुंकवाचा टिळा. आरशांना झेंडूच्या माळा, वायपरमध्ये बेल. समोर फुटलेला नारळ. चारही चाकांखाली लिंबं आणि चारही चेंदलेली! म्हणजे गाडी पुढे घेतली गेली होती. अव्वांना गाडी चालवता येत नाही. म्हणजे...

"बुकिंग डन, मॅडम!" कपाळावर विभूती ओढलेला युवराज ड्रायव्हरच्या सीटवरून हसत होता. "फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला पण!"

"अव्वा, हे काय?"

"पूजा. पूजा सांगणारे अय्यनवर समोरनंच चालले होते, हाक मारली. पोरगं म्हणालं की, आपली हाय म्हणून."

परत शोरूमला पोहोचलो, तर सगळा स्टाफ टाळ्या वाजवत दारात उभा. मला हाताला धरून टेबलाशी नेलं गेलं. समोर कागद आला. त्यावर गाडी होती, शिवाय सीट कव्हर, मॅट, अत्तराची बाटली, चिखल अडवायचे पडदे आणि पाच वर्षांची जादा वॉरंटी होती.

"एवढं सगळं कशाला?"

"मॅडम, पूजा झाली म्हणजे गाडी घेतलीच की! देवापुढं शब्द गेलाय." युवराजनं माझ्या बोटांत पेन अडकवलं.

खरं सांगते, मी घाबरले. चन्नवीर छताकडे बघत होते. माझी तीन आठवड्यांची मेहनत चार लिंबांखाली चिरडली गेली होती. गाडी मला हवीच होती, पण अशी मान धरून नको होती. मी पेन खाली ठेवणार, तेवढ्यात बाहेर उभ्या गाडीच्या खिडकीतून अव्वांचा आवाज आला.

"सही कर आणि चल गं, महेश्वरी! दिवेलागणीला घरी पोचाय पाहिजे."

"अव्वा, ही गाडी न्हाय तुमची!" युवराज हसत दारात गेला. "ही डेमोची. तुमची नवी कोरी येईल की, दीड महिन्यानं!"

मी ताठ बसले. दीड महिना! तासाभरापूर्वी शेवटची एकच शिल्लक होती ती गाडी आता दीड महिना लांब गेली होती. आणि माझी एक तारीख नऊ दिवसांवर होती.

अव्वांनी खिडकीतून बॉनेटवरच्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "मग पूजा कुणाची झाली?"

"अव्वा, नव्या गाडीची परत करू की!"

"परत? तू लगीन काय दर महिन्याला करतोस का रं?" अव्वांनी काच वर घेतली आणि आतून दार लावून घेतलं.

युवराजनं विनवण्या केल्या. काच जागची हलली नाही. इतक्यात टेस्ट ड्राइव्हसाठी ताटकळलेलं माळशिरसचं एक जोडपं पुढे आलं. त्यातल्या सारजाबाई पट्टे बघून दोन पावलं मागे सरल्या. "अगं बया! दुसऱ्याची पूजा झालेली गाडी? मी न्हाय बसायची."

"व्हय, दुसऱ्याच्या बोहल्यावर चढल्यागत हुईल," त्यांचे यजमान म्हणाले आणि दोघं फाटकाकडे निघाले.

"पुसून घ्या रे ते!" युवराज ओरडला. गाड्या धुणारा मल्लप्पा बादली घेऊन आला, पट्टे पाहिले आणि बादली खाली ठेवली. "पगार कापा. विभूती मी न्हाय पुसणार."

शेवटी मॅनेजर स्वतः केबिनबाहेर आले. त्यांचं नाव मल्लिनाथ. हातात पिवळं फडकं होतं. ते बॉनेटपाशी गेले, थांबले. फडकं हळूच खिशात गेलं. मल्लिनाथांनी एक बोट मधल्या पट्ट्याला लावलं आणि ते स्वतःच्या कपाळाला लावून डोळे मिटले.

त्या क्षणी मला उमगलं, की आता घाबरायची पाळी आमची नव्हती! मी उठून बाहेर गेले.

"सर, हीच गाडी केवढ्याला देता?"

"डेमो आम्ही विकत नाही, मॅडम."

"डेमो म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवता येते ती ना?"

"अर्थात."

"ही दाखवता येतेय?"

त्यांनी फाटकाबाहेर जाणाऱ्या सारजाबाईंकडे पाहिलं. "नाही."

"मग ही डेमो राहिली नाही." मी वहीतली नोंद पाहिली. " चौदा महिने जुनी, अकरा हजार चारशे किलोमीटर चाललेली एक गाडी आहे. ती कधी ना कधी विकणारच होतात. आठ दिवसांत कागद माझ्या नावावर करून द्याल?"

मल्लिनाथांनी घसा साफ केला आणि एक आकडा सांगितला. मी हळहळल्यासारखं केलं. "थांबा हं. तुमच्यासाठी मी सासूबाईंशी भांडून येते."

अव्वांनी माझ्यापुरतं दार उघडलं. मी आत बसले, काच वर घेतली आणि हातवारे सुरू केले.

"काय झालं गं?"

"काही नाही, अव्वा. तुम्ही फक्त नाही नाही अशी मान हलवा."

अव्वांनी जन्मभर ह्याच कामाची वाट पाहिली असावी! त्यांनी अशी मान हलवली की अंबाडा सुटला. मी सुस्कारा टाकत बाहेर आले. "ऐकत नाहीत हो." आकडा खाली आला. मी पुन्हा आत गेले. ह्या वेळी आम्ही एकेक पेढा खाल्ला आणि अव्वांनी सीटवर मूठ आपटली. आकडा आणखी खाली आला, विमा फुकट झाला. तिसऱ्या खेपेला अव्वांनी बाहेरच्या सगळ्यांकडे पाठच फिरवली. मल्लिनाथांनी चष्मा काढून डोळे पुसले.

पाठ फिरवलेल्या अवस्थेतच अव्वांनी विचारलं, "पर येवढी घाई कशाला गं? कुटं जायचंय तुला?"

मी तोंड उघडलं. बुडबुडा तोटीत येऊन बसला. "नंतर सांगते, अव्वा."

"महिनाभर तुझं नंतरच चाललंय. जेवताना पानातच बघत बसतीस. मला काय दिसत न्हाय?"

मी बाहेर आले. माझ्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा एक लाख ऐंशी हजारांनी कमी, सीट कव्हर आणि मॅट फुकट! मी सही केली. (आज सही करायची नाही हे ठरलं होतं, मला आठवतंय. प्रयोगात थोडा फेरफार चालतो.)

मला वाटलं, संपलं. पण बुकिंग झालं की ह्यांच्याकडे एक सोहळा असतो. पितळी घंटा वाजली. चन्नवीरांच्या खांद्यावर शाल पडली. पुठ्ठ्याची तीन फुटी किल्ली आली, ती गाडीतून उतरून आलेल्या अव्वांनी कुणालाच दिली नाही. काउंटरवरची मुलगी, अंकिता, माइक घेऊन आली आणि युवराज मोबाइलवर व्हिडिओ काढू लागला.

"तर सांगा," अंकितानं विचारलं, "ह्या गाडीतून पहिली सफर कुठं?"

"तुळजापूर!" चन्नवीर म्हणाले.

"श्रीशैल," अव्वांनी दुरुस्ती केली.

"साहेब, महाबळेश्वर म्हणा, व्हिडिओत भारी वाटतं!" युवराज कुजबुजला.

"गाडी चालवणार कोण पण?" अंकितानं हसत विचारलं. चन्नवीर खांद्यावरची शाल नीट करू लागले. मग एकेक करत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माइक माझ्या हातात आला.

वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही. अव्वा माझ्यापासून जेमतेम एक मीटरवर होत्या. त्यांच्याकडे बघून मी अगदी हळू बोलायला सुरुवात केली, आणि ते चार स्पीकरमधून पार मागच्या सर्व्हिसिंगच्या शेडपर्यंत दणाणलं :

"अव्वा, अकलूजच्या कारखान्यात चीफ केमिस्टची नोकरी मी घेतेय, आणि एक तारखेला सकाळी ही गाडी घेऊन मी एकटी जाणार आहे."