सांगणाऱ्याचा वाटा

म्हादूभाऊंच्या दुकानात तुम्ही साधी काडेपेटी घ्यायला गेलात, तरी ती हातात पडण्याआधी एक प्रश्न पार करावा लागतो.

"तुमाले कोनं सांगतलं?"

नवं गिऱ्हाईक गोंधळतं. काडेपेटी संपल्याचं बायकोनं सांगितलं, हे उत्तर चालत नाही. याच दुकानात या, हे कोणी सांगितलं? शेलूबाजारच्या चौकात रस्त्याला लागून किराण्याची इतकी दुकानं असताना तुम्ही नेमकं इथंच आलात, म्हणजे तुमच्यामागं कोणीतरी सांगणारा असलाच पाहिजे, असं म्हादूभाऊंचं ठाम मत. "मानूस आपोआप येत नसते," ते म्हणतात. "कोनीतरी सांगते, तवा येते."

एकदा नाव सांगितलं की त्यांचा हात बरणीत जातो. मूठभर फुटाणे कागदात बांधून तुमच्यापुढं येतात. "हे त्याले द्या. सांगनाऱ्याचा वाटा." मंगरूळपीरच्या रस्त्यावर जीप चालवणाऱ्या एकानं तर इतकी माणसं पाठवली, की त्याच्या घरी फुटाणे विकत आणणंच बंद झालं.

माझे वडील गेले तेव्हा दारात येणाऱ्या प्रत्येकाला म्हादूभाऊ हाच प्रश्न विचारत होते. मला असा राग आला की काय सांगू! मयतीच्या घरी हे काय चालवलंय? नंतर कळलं, कोणाला कोणी सांगितलं याचा माग काढता काढता, ज्यांना कोणीच सांगितलं नव्हतं अशी तीन माणसं त्यांना सापडली होती. त्या तिघांना ते स्वतः मोटारसायकलवरून जाऊन सांगून आले. वडिलांचा जवळच्याच मालेगावचा जुना मित्र त्यामुळं वेळेवर पोचला. तेव्हापासून मी त्या प्रश्नाची थट्टा करतो, पण जरा जपून.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून आहे. फुकटचे सल्ले देणं हा माझा मूळ धंदा, झेरॉक्स हा जोडधंदा. म्हादूभाऊंच्या सुनेनं, पल्लवीनं, मुंगवड्या ऑनलाइन विकायचं काढलं तेव्हा पहिला सल्ला अर्थातच माझा होता. मी म्हणालो, "करू नका."

मुंगवड्या म्हणजे मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटायची, आलं, लसूण, कोथिंबीर आणि भरपूर हिरवी मिरची घालायची, बोटांनी छोट्या छोट्या वड्या तोडून उन्हात कडक वाळवायच्या. मग पावसाळ्यात भाजीची बोंब झाली की रस्सा करायचा. म्हादूभाऊंच्या घरच्या वड्या एक नंबर असतात. पण आमच्याकडे घरोघरी त्या होतात. त्या कोण विकत घेणार? पल्लवी बी.कॉम. झालेली, अकोल्याची. ती म्हणाली, "काका, घरोघरी होतात त्या इथं. पुण्यात त्यांच्यासाठी माणसं तडफडून राह्यली."

सासऱ्यानं परवानगी दिली, दोन अटींवर. पहिली, दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर हे ऑनलाइन दुकान बंद. दुसरी, ऑर्डरच्या फॉर्मवर त्यांचा प्रश्न हवा.

"बाबा, लोकं अशानं पळून जातात," पल्लवीनं समजावलं. "नाव, पत्ता, पिनकोड, आन् वरून हे? मधातच सोडून देतात."

"पळू दे. ज्याले सांगनारा आठवत नाही, त्याले वडी काय आठवन?"

झालं. फॉर्मच्या तळाशी लाल चांदणी लावलेला चौकोन आला: तुमाले कोनं सांगतलं? तो भरल्याशिवाय ऑर्डर पुढं सरकत नसे. छापील पत्ते आणि पावत्या माझ्या प्रिंटरवर निघत, त्यामुळं सगळी उत्तरं मला वाचायला मिळत. अर्थात पहिले दोन महिने वाचण्यासारखं फार नव्हतंच.

म्हणून मग पल्लवीनं नागपूरचा इन्फ्लुएन्सर शोधला. म्हादूभाऊंना आधी ते प्रकरण समजेना.

"म्हंजे हा मानूस पैशे घेऊन सांगनार?"

"हो बाबा."

"त्यानं वडी खाल्ली हाये?"

"पाठवू ना आपण."

म्हादूभाऊंनी दाढी खाजवली. "पगारी सांगनारा," ते म्हणाले. "चाल, हे भी पाहू."

त्या पठ्ठ्याचे म्हणे लाखांनी चाहते. गॉगल लावून, कमरेत हलत, त्यानं पाकीट उलटं धरलं, दातांनी फाडलं आणि कच्ची वडी कडाकड चावत म्हणाला, "गाईज, काय क्रंची स्नॅक आहे!" आम्ही तिघं माझ्या कॉम्प्युटरपुढं बसून पाहत होतो. म्हादूभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "अबे, भिजव ते! रस्सा कर!" असं त्यांनी पडद्याला बजावलं. तोवर व्हिडिओखाली लाइकचे हजारो लाल बदाम येऊन पडले होते.

बदामांचा रस्सा होत नाही. ऑर्डरी आल्या सात. त्यातली एक पल्लवीच्या मामाची. दोघांनी चहासोबत वड्या चावून पाहिल्या आणि दात दुखल्याची तक्रार केली. चौकोनातली उत्तरंही बघण्यासारखी होती. एकानं लिहिलं, 'रील.' एकानं, 'माहीत नाही.' एकानं, 'तुम्हाला काय करायचंय?' या शेवटच्या उत्तरानं म्हादूभाऊ दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणजे जेवले, पण चव लागली नसावी. तरीही त्यांनी नागपूरला फुटाण्यांची पुडी पाठवलीच. त्यानं त्या पुडीचाही एक व्हिडिओ केला आणि आमच्या दुकानाचं नाव चुकीचं घेतलं.

मी म्हणालो, "सांगितलं होतं." पल्लवी रडकुंडीला आली होती. दिवाळीला दोनच महिने उरले होते, आणि आता बंद करा असं सासरे कधी म्हणतात याची ती वाट पाहत होती.

एवढ्यात म्हादूभाऊंनीच विचारलं, "पुन्यातली कोनी सांगनारी नाही का?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. म्हादूभाऊंची मोठी बहीण कुसुमबाई पुण्यात असते, मुलाकडं. हे तिला नुसतं 'बाई' म्हणतात. यांची आई गेली त्या वर्षी तेरवीला बाई आली होती. पाहुणे पंगतीत बसले असताना म्हादूभाऊंनी तिच्यापुढं हक्कसोडीचा कागद ठेवला. शेतावर भावांचं नाव लागायचं, तर बहिणीनं तिचा हिस्सा सोडल्याची सही लागते. आमच्याकडे बहिणी देतातही सही, सगळेच घेतात, कोणाला त्यात काही वाटत नाही. तलाठ्याकडचं काम रखडलं होतं, बाई परत कधी येईल नेम नाही, आलीच आहे तर उरकून घ्यावं, एवढाच हिशोब. बाईनं सही केली. फक्त पेन परत देताना म्हणाली, "मागतलं असतं त केव्हाही देल्लं असतं, म्हाद्या. आजच काहून आनला?" त्यानंतर सहा भाऊबिजा झाल्या. ती आली नाही, आणि यांचा फोन उचलला नाही. त्या कागदाच्या तीन झेरॉक्स प्रती मीच काढून दिल्या होत्या, त्यामुळं मीही या प्रकरणात अगदी कोरडा नाही.

पल्लवीनं रोहिणी शोधली. मूळची मालेगावची, पुण्यात नोकरी करून स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकणारी. चाहते मोजके, पण बहुतेक आपल्याकडचेच, पोटापाण्यासाठी तिकडं गेलेले. वऱ्हाडीत बोलते, स्वतः रांधते आणि मीठ कमी पडलं तर तसं सांगते. पैसे तिनं घेतले, पण आधी वड्या मागवल्या, करून पाहिल्या आणि मगच हो म्हणाली. म्हादूभाऊ तिच्यावर जाम खूश. मग त्यांनी फोनवर आपली अट सांगितली. व्हिडिओत शेवटी तिनं एक वाक्य म्हणायचं, शब्दही बदलायचा नाही:

"वड्या कावळ्यानं नव्हत्या खाल्ल्या, म्याच खाल्ल्या होत्या."

"हे काय हो?" मी विचारलं.

"जाहिरात."

"कशाची? कावळ्याची?"

"तुले काय समजते? तू झेरॉक्स काढ."

मी तासभर वाद घातला. भाव म्हणू दे, पत्ता म्हणू दे, घरगुती, उन्हात वाळवलेल्या, काहीही म्हणू दे, पण हे कसलं वाक्य? ऐकणाऱ्याला वाटेल, यांच्या मालाला कावळे तोंड लावतात! पल्लवीही माझ्या बाजूनं होती. म्हादूभाऊ ढिम्म. शेवटी पल्लवी आत गेल्यावर त्यांनी वजनकाट्यावरची धूळ पुसत पुसत मला सांगितलं.

लहानपणी आईनं बाजेवर वड्या वाळत घातल्या होत्या आणि राखणीला बाईला बसवलं होतं. ती पाणी भरायला गेली तेवढ्यात यांनी अर्ध्या बाजेवरच्या ओल्या वड्या फस्त केल्या आणि कावळ्यांचं नाव सांगितलं. आईनं राखणदाराला धरलं. बाईला मार बसला आणि मंगरूळपीरच्या उरसाला नेलं नाही. हे मात्र आईचं बोट धरून गेले, रेवड्या खाऊन आले.

"आजवर सांगतलं नाही कोनाले," ते म्हणाले. "फोन ते उचलत नाही. उचलला तरी हक्कसोडीचं कुठून काढू? थे बोलाले तोंड नाही मले. निदान कावळ्याचं त सांगतो. तिचा नातू दिवसभर मोबाईल पाह्यते म्हनतात. दिसलं त दिसलं."

"आणि नाही दिसलं तर?"

"मंग वड्या त खपतीन," असं म्हणून ते फुटाण्याची बरणी पुसायला लागले. ती आधीच पुसलेली होती.

माझ्या सल्ल्यांचा साठा तिथं संपला. मी गपचूप माझ्या दुकानात येऊन बसलो.

रोहिणीनं झक्कास काम केलं. वड्या तेलात परतल्या, कांद्यावर रस्सा फोडणीला घातला, भाकरी चुरली, खाल्ली आणि मिटक्या मारत ते वाक्य जसंच्या तसं म्हणाली. आणि खपलं की हो ते! लोकांनी खाली आपापल्या चोऱ्या कबूल केल्या. कोणी माळ्यावरच्या लाडवांची, कोणी देवापुढच्या पेढ्यांची. रोज चार-पाच ऑर्डरी येऊ लागल्या आणि आलेले लोक पुन्हा मागवू लागले. चौकोनात आता माणसांची नावं दिसत: 'रोहिणीनं', 'रोहिणीचं पाहून माझ्या वहिनीनं', 'वरच्या मजल्यावरच्या काकूंनी.' म्हादूभाऊ प्रत्येक पाकिटात सांगणाऱ्याची वेगळी पुडी टाकत. पल्लवीनं फुटाण्याचं पोतंच मागवून ठेवलं. आता बंद करायचा विषय राहिला नाही, हे तिला सासऱ्यानं सांगितलं नाही. पोतं आलं तेव्हा तिचं तिलाच समजलं.

"सांगनारा दोन परकारचा असते, सुधाकर," म्हादूभाऊ मला शिकवत. "एक पाकिटातून सांगते, एक पोटातून सांगते. रोहिनीले पैशाचं पाकीट देल्लं, पन सांगतलं तिनं पोटातून."

पण रोज सकाळी ते माझ्या दुकानात येत, कालच्या पावत्या हातात घेत आणि चष्मा वर करून पुण्याचे पत्ते तेवढे वाचत. वाचून झालं की "बरं" म्हणून परत जात. महिना गेला. दिवाळी आठवड्यावर आली. त्यांचं ते 'बरं' ऐकून मलाच कसंतरी होऊ लागलं. एकदोनदा मनात आलं, आपणच एक खोटी ऑर्डर टाकावी. नशीब, टाकली नाही.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी, दुपारी, प्रिंटरमधून पावती निघाली. एक पाकीट. नाव कोण्या अथर्वचं, पत्ता पुण्याचा. मी खालचा चौकोन वाचला आणि भिंतीवर थाप मारून म्हादूभाऊंना हाक दिली. ते गिऱ्हाईक सोडून आले. चष्मा दुकानातच राहिला होता, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं.

तुमाले कोनं सांगतलं?

'तूच सांगतलं, म्हाद्या. पन मले तवाच मालूम होतं. कावळा मिरच्या निवडून बाजूले ठेवत नसते.'

म्हादूभाऊ माझ्या स्टुलावर बसले. आधी हसले, अगदी पोट धरून हसले. मग तसेच बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले आणि ते काही लवकर थांबेना. "मार खाल्ला तिनं," ते म्हणाले. "मालूम असून मार खाल्ला. माह्यं नाव नाही सांगतलं." मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरले.

ते पाकीट कुरिअरनं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हादूभाऊ नवा सदरा घालून चौकात पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभे होते. हातात मोठी पिशवी. तिच्यात वड्या, आणि वर फुटाण्याची पुडी. पल्लवी आणि मी सोडायला गेलो होतो. समोरून त्यांचा तो जीपवाला आला. दुकान सोडून म्हादूभाऊ कुठं निघाले, याचं त्याला मोठं नवल वाटलं.

"कुठं चालले, भाऊ?"

"पुन्याले. बहिनीकडं."

"असे अचानक? तुमाले कोनं सांगतलं जायले?"

म्हादूभाऊ ताठ उभे राहिले. "बाईनं बलावलं," ते सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले.

ती पावती मी स्वतः छापली होती. तिच्यात बोलावणं कुठंच नव्हतं. मी पिशवी उचलून गाडीत ठेवली आणि म्हणालो, "हो, मी वाचलं ना."